डेलिथची साडेतीन टनांची गाडी

कॉपरचा पाय लॉरीच्या तळातून खाली गेला, तेव्हा डेलिथ पुढे नवऱ्याच्या शेजारी बसली होती. मागून आधी धाडकन आवाज आला, मग एक किंकाळी. घोडा किंकाळी फोडतो हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. तो आवाज एकदा ऐकला की माणूस विसरत नाही.

"थांब! क्लाइव्ह, थांब, काहीतरी झालंय!"

"लाथा मारतोय. मारू दे," क्लाइव्ह म्हणाला.

पुढच्या वळणापर्यंत त्याने लॉरी थांबवली नाही. तोवर कॉपरचा मागचा पाय रस्त्यावर घासत होता. रबरी गालिच्याखालच्या फळ्या कुजून भुसा झाल्या होत्या आणि वरून पाहणाऱ्याला काही कळण्यासारखं नव्हतं. रस्त्यावर लांबच लांब लाल पट्टा उठला होता. खुराच्या जागी काही उरलं नव्हतं. जवळच्या शेतातला एक म्हातारा बंदूक घेऊन आला. त्याने डेलिथला तोंड फिरवायला सांगितलं. तिने फिरवलं नाही. चार वर्षांच्या त्या तांबड्या घोड्याचं डोकं मांडीवर धरून ती बसून राहिली, आणि गोळी सुटली तेव्हा तिच्या कोटावर सगळं उडालं.

घरी पोचल्यावर क्लाइव्हने आधी लॉरीचं दार लावलं, मग तिला तबेल्याच्या भिंतीवर आपटलं.

"चारचौघांत रडून माझी शोभा केलीस! फळ्या बघायचं काम कुणाचं होतं? गाडी मी चालवायची आणि बुडाखाली पण मीच बघायचं?"

त्या दिवशी तिचं मनगट मोडलं. गावात सांगितलं ते असं की घोडीने दोरी ओढली.

मी हेटी. टेकडीच्या पलीकडे माझी पागा आहे. लोक आपले घोडे माझ्याकडे ठेवतात, मी त्यांचं चारापाणी बघते. डेलिथचा बाप एम्रिस माझ्या नवऱ्याचा मित्र, त्यामुळे ही पोर फ्रॉक घालून तट्टावर बसायची तेव्हापासून मी पाहिलेली. वेल्समधल्या रॅडनरच्या या टेकड्यांत माणसं कमी आणि मेंढ्या फार. कुणाच्या घरात काय चाललंय ते सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. क्लाइव्ह गिटिन्स मेंढ्यांचा दलाल. पबमध्ये सगळ्यांचा लाडका. दुसऱ्याच्या आजारी गाईसाठी पहाटे उठून जाणारा. डेलिथने एकदा पोलिसांना बोलावलं, तेव्हा आलेल्या शिपायाला त्याने चहा पाजला, केक खायला घातला आणि जाताना अर्ध्या कोकराचं मटण गाडीत ठेवून दिलं. शिपाई गेल्यावर जे झालं त्यानंतर तिने पुन्हा फोन केला नाही.

ती म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात स्वयंपाकाला होती. घर क्लाइव्हचं, जमीन क्लाइव्हची. घोडे मात्र तिचे, बापाकडून आलेले. कॉपर गेल्यावर तीन उरले. सेरेन ही काळी वेल्श घोडी, बटन नावाचं एक म्हातारं तट्टू, आणि डोझर. डोझर म्हणजे घोड्याच्या कातड्यातलं कपाट. पावलं ताटाएवढी आणि स्वभाव गायीचा.

मनगटाचं प्लास्टर निघालं त्या आठवड्यात ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"हेटी, मी जातेय. पण घोडे ठेवून जाणार नाही. मी एकटी गेले तर तो दुसऱ्याच दिवशी त्यांना खाटकाच्या गाडीत चढवेल. तसं म्हणालाय."

"मग कुणाची तरी लॉरी सांगू या."

"कुणाची? त्याच्या अंगणात लॉरी घालायची हिंमत कुणाची आहे?"

ते खरं होतं. मी दोघांना विचारून पाहिलं. एकाला अचानक पाठदुखी आठवली. दुसरा म्हणाला, नवरा-बायकोच्या भांडणात मी पडत नाही.

आणि डेलिथ स्वतः घरची ती मोठी लॉरी चालवू शकत नव्हती. क्लाइव्हचं लायसन्स जुनं, सत्त्याण्णवच्या आधीचं. त्या काळी साध्या लायसन्सवर साडेसात टनांचा ट्रकही हाकता येत असे. डेलिथने परीक्षा दिली ती तिशी उलटल्यावर, कारण एम्रिसला वाटायचं पोरीला गाडी कशाला. तिच्या लायसन्सवर फक्त साडेतीन टन, तेही गाडी आणि ओझं मिळून. मागे मोठा ट्रेलर जोडायचा तर वेगळी परीक्षा, आणि क्लाइव्हला न कळता ती द्यायची कशी? तो तिच्या लायसन्सची भर पबमध्ये टर उडवायचा. "आमच्या बाईसाहेबांना सरकारने भाजीची पिशवी वाहायची परवानगी दिलीये!" लोक हसायचे. तीही हसायची, कारण हसली नाही तर घरी गेल्यावर हिशेब व्हायचा.

"साडेतीन टनांची लहान गाडी मिळते घोड्यांची," ती म्हणाली. "व्हॅनसारखी. ती मी चालवू शकते. मला दुसऱ्या कुणाच्या चाकावर निघायचंच नाही."

तिने आईचा हार आणि बापाचं चांगलं खोगीर विकलं, आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी गाड्या बघत फिरू लागलो. क्लाइव्हला सांगायचं ते असं की हेटीला गुडघ्यासाठी डॉक्टरकडे न्यायचंय.

पहिली गाडी लेम्स्टरच्या बाजूला एका चकचकीत माणसाकडे होती. आत चामड्याच्या खुर्च्या, छोटा ओटा, कपडे बदलायची खोली. माणूस म्हणाला, "दोन मोठे शिकारी घोडे आरामात जातात, मॅडम."

"गाडी रिकामी किती भरते?"

"हलकी आहे हो."

"हलकी म्हणजे किती?"

"तुमचे मिस्टर येणार आहेत का बघायला?"

डेलिथच्या गालाची एक शीर उडाली. तिने किल्ली मागितली, आणि दोन मैलांवरच्या धान्यवाल्याच्या वजनकाट्यावर गाडी नेऊन उभी केली. तो ओटा, त्या खुर्च्या, ती खोली, सगळं मिळून गाडी इतकी जड होती की दोन शिकारी घोडे सोडाच, एक सेरेन आणि एक पाण्याची बादली ठेवली की साडेतीन टन संपले. तिथून पुढे पोलिसांनी थांबवलं तर दंड, आणि ब्रेक लागले नाहीत तर मरण. परत आल्यावर तो माणूस मलाच म्हणाला, "कुणी वजन करत बसतं का हो? सगळेच नेतात की."

"सगळ्यांचे घोडे मी पाहिले नाहीत," डेलिथ म्हणाली. "माझा एक पाहिलाय."

दुसरी गाडी स्वस्त होती. डेलिथने रबरी गालिचा उचलला, गुडघ्यावर बसली आणि पेचकस फळीत रोवला. तो मुठीपर्यंत आत गेला. ती तशीच बसून राहिली. मी हाक मारली तरी उठेना. मग बाहेर येऊन कुंपणापाशी ओकली.

तिसरी गाडी एका निवृत्त सुईणीची होती. पांढरी, साधी, एका बाजूला ओरखडा. आत काही थाट नाही. तळ ॲल्युमिनियमचा, ठोकला की खणखणीत वाजणारा. चालकाच्या आणि घोड्याच्या मधली भिंत जाड, छप्पर सेरेनच्या कानांना पुरेल इतकं उंच. मधली आडभिंत काढता येत होती, म्हणजे डोझरसारखं धूड एकटं उभं राहू शकेल. वजनकाट्यावर ती इतकी हलकी उतरली की वर टनभर ओझं घेता येईल.

डेलिथने बोटांवर हिशेब केला. सेरेन आणि बटन एका वेळी जातील. डोझर आणि बटनही कसेबसे जातील. सेरेन आणि डोझर एकत्र नाही. तिघं तर नाहीच.

"दोन खेपा," ती म्हणाली.

मी म्हटलं, "बाई, एकदाच सगळे कोंब आणि पळ. वीस मिनिटांचा तर रस्ता आहे. कोण अडवतंय?"

"तळ मजबूत आहे, ब्रेक नाहीत तितके. आपला उतार माहीत आहे ना तुला? आणि पहिल्याच दिवशी माझं लायसन्स गेलं तर मी पुन्हा त्याच्याच शेजारी बसायचं का?"

मी सुईणीला हाक मारली.

गाडी माझ्या गवताच्या कोठारात लपवली. महिनाभर ती रोज चढण-उतार शिकली. रॅम्प माझ्या अंगणात टाकून माझ्याच एका घोड्याला आत-बाहेर करायची. त्या महिन्यात क्लाइव्हने दोनदा हात उचलला. एकदा चहा गार झाला म्हणून. दुसऱ्यांदा कशावरून ते तिलाही कळलं नाही. दोरीच्या टोकाची साखळी पाठीवर बसली होती. मी मलम लावलं तेव्हा ती म्हणाली, "गुरुवारी बाजार आहे. तो दुपारपर्यंत येत नाही."

गुरुवारी आम्ही निघालो. ऊन पडलं होतं, अंगणात कुणी नव्हतं. सेरेन मान खाली घालून थेट चढली, तिच्यामागे बटन. डोझर तबेल्याच्या दारावर छाती लावून असा ओरडायला लागला की आख्ख्या खोऱ्याला कळावं. आम्ही त्या दोघांना माझ्या पागेत सोडलं आणि लगेच वळलो.

"तू उतर आता," डेलिथ म्हणाली. "तू बसलीस की तुझंही वजन धरावं लागतं, आणि ते काही थोडं नाही."

"गाडी चालव," मी म्हटलं.

डोझर चढला. आडभिंत काढून ठेवली होती. आम्ही अंगणातून खाली उतरलो. तिथली गल्ली जेमतेम एका गाडीची, दोन्ही बाजूंना डोक्याएवढे मातीचे बांध आणि वर काटेरी कुंपण. अर्ध्यावर आलो आणि खालच्या वळणावरून लॉरी वर येताना दिसली. शेजारच्या कुणीतरी क्लाइव्हला बाजारात फोन केला होता की तुझ्या अंगणात पांढरी गाडी ये-जा करतेय. कोण ते आजवर कळलं नाही.

डेलिथने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. लॉरी थांबली नाही. मला क्लाइव्हचा चेहरा काचेतून दिसत होता. तो रागावलेला नव्हता. एखादा माणूस खिळा ठोकताना असतो तसा, कामात असल्यासारखा होता.

लॉरी आमच्यावर आदळली. काच फुटून मांडीत आली. तो मागे हटला आणि पुन्हा आदळला. दुसऱ्या धडकेने आमचं चाक बांधावर चढलं आणि गाडी हळूहळू, अगदी हळूहळू, कुशीवर पडली. माझ्या गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. मी पट्ट्यात लोंबकळत होते. मागे डोझर पत्र्यावर लाथा झाडत होता आणि तोच आवाज काढत होता, जो मी सुरुवातीला सांगितला.

क्लाइव्ह जॅकचा लोखंडी दांडा घेऊन उतरला. समोरच्या फुटक्या काचेतून हात घालून त्याने डेलिथचे केस धरले आणि तिला काचांवरून बाहेर ओढलं.

"भाजीची पिशवी! भाजीच्या पिशवीत माझे घोडे नेतेस?"

"माझे," ती म्हणाली.

पहिला फटका डाव्या कानावर बसला. ती पडली. दुसरा खांद्यावर. मी ओरडत होते, पण माझा आवाज डोझरच्या आवाजात बुडून गेला. ती उठून पळाली नाही. चार पायांवर रांगत गाडीच्या मागच्या बाजूला गेली. तो तिच्यामागे सावकाश चालत गेला, दर दोन पावलांना एक फटका मारत. मला बाजूच्या आरशात सगळं दिसत होतं. मी डोळे मिटले असते तर बरं झालं असतं.

तिने रॅम्पची एक कडी काढली. त्याने तिच्या हातावर मारलं. तिने दुसऱ्या हाताने दुसरी कडी काढली. गाडी आडवी असल्याने रॅम्प दारासारखा बाजूला उघडला.

डोझर आत कसाबसा पायांवर उभा राहिला होता. दोरी तुटली होती. उजेड दिसताच तो सुटला. डेलिथ जमिनीला चिकटून होती, तिच्यावरून त्याने उडी घेतली. क्लाइव्ह दांडा उगारून मधोमध उभा होता. गल्ली अरुंद, बांध उंच. त्या जनावराला जायला दुसरी वाटच नव्हती. ते ताटाएवढे पाय त्याच्या कमरेवरून गेले.

मग सगळं शांत झालं. मग क्लाइव्ह ओरडायला लागला.

"डेल! डेल, पाय... माझे पाय... कुणाला तरी बोलव! डेल!"

ती उठली. कानातून रक्त मानेवर येत होतं. एक हात लुळा पडला होता. ती त्याच्या अंगावरून ओलांडून पुढे गेली. डोझर फाटकापाशी थरथरत उभा होता, मांडीचं कातडं सोललेलं. तिने त्याची तुटकी दोरी पकडली, चारही पाय एकेक करून हाताने चाचपले, कपाळ त्याच्या मानेला टेकवलं आणि त्याला फाटकाला बांधलं. मग माझ्याकडे येऊन पट्टा कापला. मग फोन केला. हे सगळं होईपर्यंत क्लाइव्ह ओरडतच होता. मी तिच्याकडे पाहत होते. तिला घाई नव्हती.

नंतर मी तिला विचारलं, तेव्हा काय वाटत होतं? ती म्हणाली, "काही नाही. मला वाटलं होतं आनंद होईल, नाहीतर दया येईल. नुसता आवाज होता, मेंढरू ओरडावं तसा. आणि तोही एकाच कानात."

डावा कान गेला तो गेलाच.

खटल्यात क्लाइव्हच्या वकिलाने सांगितलं की बाईंनी झेपेना इतकं ओझं भरलं आणि ती गाडी आपणहून कलंडली. पण काट्यावर गाडी आणि घोडा मिळून साडेतीन टनांच्या आतच उतरले, आणि लॉरीच्या पुढच्या भागावर पांढरा रंग लागलेला होता. घोडा मुद्दाम अंगावर सोडलात का, असंही तिला विचारलं. ती म्हणाली, "दार उघडलं नसतं तर तो आत मेला असता. मी एवढाच विचार केला." क्लाइव्ह कुबड्यांवर तुरुंगात गेला. ज्यांना पाठदुखी होती त्या शेजाऱ्यांनी त्यानंतर डेलिथला अंडी, जॅम असं काय काय आणून दिलं. तिने घेतलं. मी असते तर तोंडावर फेकलं असतं.

ती आता माझ्या पागेमागच्या खोल्यांत राहते. विम्यातून तशीच दुसरी लहान गाडी घेतली, पुन्हा आधी वजन करून. डोझर मात्र कुठल्याही गाडीत चढत नाही. रॅम्प पडल्याचा आवाज आला की त्याला घाम फुटतो. त्याला नाल मारायलासुद्धा माणूस घरी बोलवावा लागतो.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सेरेनला बिल्थच्या गुराघोड्यांच्या प्रदर्शनाला नेलं. तिसरा नंबर आला. परत निघताना गाडीपाशी एक म्हातारी उभी होती, हातात पिशवी, पायात रबरी बूट. आयव्ही, क्लाइव्हची आई.

"तू आधी घोड्याकडे गेलीस," ती डेलिथला म्हणाली. "कोर्टात सांगितलं सगळ्यांनी. तो आयुष्यभर लंगडा झाला."

"हो, आधी घोड्याकडे गेले," डेलिथ म्हणाली. एका कानाने ऐकू येत नसल्याने ती मोठ्याने बोलते. आजूबाजूच्या चार माणसांनी वळून पाहिलं.

आयव्हीने सेरेनच्या नाकाला लावायला हात पुढे केला. सेरेनने कान मागे टाकले, तसा तिने तो परत घेतला.

"त्याचा बापही लॉरीच चालवायचा," आयव्ही म्हणाली. "माझे पुढचे दोन दात लॉरीतच गेले. मी कुठे उतरणार होते? मला तर सायकलही येत नव्हती."

डेलिथने विचारलं, "आलात कशा?"

"बसने. शेवटची निघून गेली."

डेलिथने आयव्हीच्या बाजूचं दार उघडलं. मी मधे सरकले. आम्ही तिघी पुढे, सेरेन मागे. डेलिथने निघण्याआधी मनातल्या मनात काहीतरी बेरीज केली, हे मला तिच्या ओठांवरून कळलं. आयव्हीने पिशवीतून पुदिन्याच्या गोळ्या काढून मला एक दिली, आणि माझ्या हातून डेलिथला एक. डेलिथने ती तोंडात टाकली.

आयव्हीच्या फाटकापाशी गाडी थांबली. आयव्ही पायरीवरून आधी पिशवी खाली ठेवत, मग एकेक पाय टेकत उतरली, आणि मागे वळून न पाहता आत निघून गेली. आत दिवा लागेपर्यंत डेलिथने इंजिन चालू ठेवलं होतं.